छोट्या डॉक्टरांचा न्यूमोनिया

मुलांच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या बाईंना सगळे फोटोमावशी म्हणत. तीस वर्षं त्यांचं काम एकच, रडत्या पोराचा श्वास पकडायचा. पोर भोकाड पसरतं, मग पुढचा सूर लावायला छाती भरून हवा ओढतं. नेमकं तेव्हाच मावशी बटण दाबायच्या. जरा चुकलं आणि हवा सुटली, की धडधाकट छातीही फोटोत धुरकट दिसते, काळीज फुगलेलं वाटतं. हे त्यांना तोंडपाठ होतं. पण फोटो काढायचा मावशींनी आणि वाचायचा डॉक्टरांनी, असा नियम. म्हणून त्या बोलायच्या नाहीत. म्हणजे सरळ बोलायच्या नाहीत.

मग नवे छोटे डॉक्टर आले. हुशार, मायाळू, पण न्यूमोनियाचा धसका घेतलेले. फोटो हातात आला की त्यांना जिकडेतिकडे पांढरंच दिसे. आठवड्याभरात वॉर्ड गच्च भरला, आणि त्यातली निम्मी पोरं खाटांवर उड्या मारत होती.

"डॉक्टर, या फोटोत बाळाचा श्वास सुटलाय, आणि ते जरा वळलंयही," मावशी एकदा म्हणाल्या.

"मावशी, मला दिसतंय ना."

"दिसतंय खरं," म्हणून मावशी गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की दवाखान्यातली जुनी माणसं सावध होत.

छोट्या डॉक्टरांची आई मावशींची शेजारीण. त्या संध्याकाळी दोघींनी मिळून माळ्यावरची ट्रंक उपसली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या प्रमुख, मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर मावशींनी एक पिवळट पडलेला फोटो दिव्यावर लावला. कोपऱ्यातल्या नावावर चिकटपट्टी होती.

"पाच महिन्यांचं बाळ. नाक वाहतंय, रडून घर डोक्यावर घेतलंय. दूध मात्र व्यवस्थित पितंय."

छोटे डॉक्टर पुढे वाकले. "उजवीकडे वर ही सावली बघा. मोठा न्यूमोनिया. काळीजही वाढलंय. ताबडतोब दाखल करा."

"करते की," मावशी म्हणाल्या, "पण मग बाहेरचे पेशंट कोण तपासणार?" आणि त्यांनी चिकटपट्टी सोलली.

छोट्या डॉक्टरांनी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मोठ्या बाई खिडकीबाहेर पाहत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

"मला काय झालं होतं?"

"सर्दी," मोठ्या बाई म्हणाल्या. "तान्ह्या बाळाच्या छातीत एक ग्रंथी असते, तिची ती सावली. पुढे ती आक्रसते. बाकी सगळी करामत सुटलेल्या श्वासाची."

"असला फोटो काढला कुणी?"

"मीच," मावशी म्हणाल्या. "नोकरीचा दुसरा आठवडा होता. तुम्ही लाथ झाडलीत आणि माझं बोट पडलं बटणावर."

छोट्या डॉक्टरांचे कान लालबुंद झाले. पण माणूस सरळ होता. तडक वॉर्डात जाऊन त्यांनी प्रत्येक पोराजवळ बसून, घड्याळ धरून श्वास मोजले, छाती ऐकली. संध्याकाळपर्यंत नऊ जणं घरी गेली. दोघं राहिली, त्यांचा श्वास भराभर चालत होता, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ते दुखणं खरं होतं, आणि ते ओळखायला फोटोची गरजही नव्हती. चार दिवसांत तीही हिंडूफिरू लागली.

तेव्हापासून सवड मिळाली की छोटे डॉक्टर मावशींच्या खोलीत, शिशाच्या पडद्यामागे उभे राहून रडण्याचा कानोसा घेत.

"आत्ता," ते पुटपुटत.

"थांबा हो," मावशी म्हणत, आणि दोन हुंदके जाऊ देत.