चुडा आणि भोपळा

पूस नदीवरच्या पुलाच्या कामावर सगळ्यांत आळशी माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर साऱ्या मजुरांनी जब्बारकडे बोट दाखवलं असतं. बाकीचे गिट्टी फोडत, घमेली वाहत, आणि हा पठ्ठ्या डोंग्यात, म्हणजे छोट्या लाकडी होडीत, बसून बिड्या ओढत असे. पुलाच्या खांबांखाली खोल डोह होता. त्यात कुणी पडलं तर बाहेर काढायचं, एवढंच त्याचं काम. कुणी पडत नसे, म्हणून जब्बारला काम नसे. मी रिकामा बसलोय म्हणजेच माझं काम चोख चाललंय, असं तो सांगायचा. हे त्याच्या बायकोला, हलीमालासुद्धा पटत नसे.

पण बसलेला असायचा तो जब्बार, त्याचे डोळे नव्हेत. पुसदच्या आसपास विहिरीत काही पडलं की याला बोलावणं यायचं. घागरी काढल्या, बादल्या काढल्या, एकदा शेळी काढली. माणसंही काढली होती, पण ती जिवंत निघाली नव्हती. त्यांच्याबद्दल तो बोलत नसे. म्हणून तर हे डोंग्यातलं काम त्यानं आनंदानं धरलं होतं. एकदा तरी वेळेवर पोचावं, एवढीच त्याची इच्छा.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. फळ्यांवरून घमेली वाहायला जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बाया येत. धनीबाई त्यांची म्होरकी. तिचा नवरा लखीराम त्याच कामावर परांचीचे बांबू बांधायचा. दिवसभरात त्याच्या तोंडून चार शब्द निघाले तर खूप झाले. बाया आरसे नि कवड्या लावलेले घेरदार घागरे घालून यायच्या, हातात मनगटापासून वरपर्यंत चुडा. बघणाऱ्याला ते रूप दिसायचं, जब्बारला फक्त वजन दिसायचं. हा घागरा भिजला की बाई तळाशी जाणार, या विचारानं त्याच्या घशाखाली भाकर उतरेना.

एक दिवस न राहवून तो धनीबाईला म्हणाला, "कामावर येतानी चुडा काढून ठेवत जा, बाई."

साऱ्या बायांनी घमेली खाली ठेवली. तांड्यात चुडा उतरतो तो नवरा मेल्यावरच. म्हणजे या शहाण्यानं भल्या सकाळी लखीरामचं मरण मागितलं होतं, तेही लखीराम वर बांबूवर बसून ऐकत असताना. धनीबाईनं आधी मराठीत आणि ती पुरेना तेव्हा आपल्या गोरबोलीत त्याचा उद्धार केला. त्या दिवशी बाया परत फळीवर चढल्याच नाहीत. हलीमानंही संध्याकाळी त्याची चांगली हजेरी घेतली. जन्म या लोकांशेजारी काढला आणि एवढं ठाऊक नाही, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जब्बार तांड्यावर हजर झाला. खांद्यावर वाळलेल्या भोपळ्यांची माळ. पोरं पोहायला शिकतात तेव्हा पाठीला बांधतात ना, तेच भोपळे. त्यानं कान धरून माफी मागितली. चुडा राहू द्या, घागरा राहू द्या, पण पाण्यावर काम करताना हा भोपळा तेवढा बांधा, असं हात जोडून सांगितलं. बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. धनीबाईनं मात्र अट घातली की आधी त्यानं बांधावा. झालं! पुसदचा पट्टीचा पोहणारा पाठीवर भोपळा बांधून डोंग्यात बसला, आणि सारा पूल त्याला बघायला लोटला. कुणी त्याला भोपळेशेठ म्हटलं, कुणी भाजी कधी शिजणार म्हणून विचारलं. पठ्ठ्यानं भोपळा सोडला नाही. शेवटी बायांनाच त्याची दया आली. त्यांनी भोपळे बांधले, पण उघडेबोडके कसे बांधतील? कवड्या लावलेल्या पिशव्या शिवून त्यांत घातले.

माघात एका दुपारी वर कुठं तरी गारपीट झाली आणि नदीला लोंढा आला. पाण्याचा रंग बदललेला जब्बारनं आधी पाहिला. त्यानं आरोळी ठोकली, बाया धडाधड काठाकडे पळाल्या. धनीबाई सगळ्यांना पुढं घालून मागं राहिली आणि तिच्याच पायाखालची फळी सरकली.

भोपळ्यानं तिला वर आणलं. जब्बारनं डोंगा लोटला. वाहत येईल तशी धरू, असा त्याचा हिशेब होता, पण धनीबाई वाहतच नव्हती. अर्धवट बांधलेल्या खांबातून निघालेली लोखंडी सळई तिच्या चुड्यात शिरून अडकली होती. भोपळा तिला वर ओढत होता, सळई हात सोडत नव्हती आणि पाणी चढत होतं. जब्बार पोचला तेव्हा ते तिच्या हनुवटीला लागलं होतं. हात ओढून पाहिला, निघेना. दोर कापायचा कोयता त्याच्याजवळ होता. तो त्यानं उचलला, आणि हात तसाच थांबला. धनीबाईनं डोळ्यांनीच नको म्हटलं. एवढ्या विहिरी पालथ्या घातलेला गडी, पण तिच्यादेखत चुड्यावर घाव घालायची त्याची छाती होईना.

वर परांचीच्या बांबूला एका हातानं लोंबकळत लखीराम खाली आला होता.

"फोड, जब्बारभाई," तो म्हणाला. "मी जिता आहो इथं. सारा तांडा पाहून राह्यला."

जब्बारनं कोयत्याच्या पाठीनं चुडा फोडला आणि धनीबाईला डोंग्यात घेतलं.

काठावर बायांनी तिचा उघडा हात ओढणीनं झाकला. धनीबाई रडत होती, आणि ते काही बुडण्याच्या भीतीनं नव्हतं. मग तिच्याजवळ येऊन बसलेला लखीराम उठला. नदीपासून तांड्यापर्यंत तो बायकोच्या पुढं चालला आणि वाटेत भेटेल त्याला मोठ्यानं रामराम घालत गेला. आयुष्यभर न बोललेला माणूस त्या एका वाटेवर बोलून मोकळा झाला. आपण जिवंत आहोत हे कुणाच्या नजरेतून सुटू नये, एवढीच त्याची धडपड.

जब्बार गुन्हेगारासारखा मागून चालत होता. वेळेवर पोचला होता बिचारा, पण तोंड वर करायची सोय नव्हती. तांड्याच्या तोंडाशी तो थबकला आणि मला माफ कर, असं कसंबसं पुटपुटला.

धनीबाईनं डोळे पुसले. "फोडल्या तूनं, आता भरशीन बी तूच," ती म्हणाली. "बहिणीले बांगड्या भरणं भावाचं काम असते."

जब्बारला बहीण नव्हती. तो तिथंच धुळीत बसला आणि लहान लेकरासारखा रडला.

बाजाराच्या दिवशी हलीमाला बरोबर घेऊन तो पुसदला गेला. फुटला होता एकाच हाताचा चुडा. भावानं दोन्ही हातांचा आणला.