दोन बोटं

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही हसून म्हणालात, "आजी, मोतीबिंदू म्हणजे काय, सकाळी जायचं आणि जेवायला घरी." खरं आहे. माझी तारीख ठरली आहे, आणि मला भीतीही नाही. पण तेव्हापासून शेजारच्या आक्का डोक्यातून जात नाहीत. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. माझा डोळा बांधला जाण्याआधी लिहून ठेवते.

"व्हई जाई, बाई." होऊन जाईल. कशालाही त्यांचं हेच उत्तर. नळ कोरडा, व्हई जाई. मुलाचा कारखाना बंद, व्हई जाई. आणि म्हणताना हात असा फिरवायच्या, जशी काही अडचण म्हणजे भाकरीवर बसलेली माशी.

नव्वदच्या दशकातली आमची डिंडोली. बाहेर सुरत, दाराच्या आत खानदेश. आक्का शिरपूरकडच्या. नवरा वारल्यावर मुलाने इकडे आणलं. तो लूमवर पाळीने जायचा, सून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या कामाला. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. आमच्यात सामाईक होती ती एक भिंत, पण संध्याकाळी आक्का माझ्याच ओट्यावर.

गल्लीत त्यांना मान होता मांड्यांसाठी, खापरावरच्या पातळ पुरणपोळ्यांसाठी. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि अलगद खापरावर सोडायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींसाठी घरोघरी त्यांनाच बोलावणं.

डाव्या डोळ्यात लहानपणच्या देवीचं फूल पडलेलं. होता तो उजवाच, आणि त्यात मोतीबिंदू पिकला. शिबिरात ऑपरेशन झालं. तेव्हा डोळ्याला टाके घालत. कंपाउंडरने बजावलं, "बा, आंखे हाथ नहीं अडाडता! धुमाडो नहीं, वांका नहीं वळवानुं!" हात लावायचा नाही, धूर नाही, वाकायचं नाही. आक्का म्हणाल्या, "व्हई जाई."

आठवडाही झाला नाही तोच आखाजी आली. सोसायटीच्या चेअरमनबाईंची लेक लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आली होती. बाई आक्कांना न्यायला आल्या.

"आक्का, तुम्ही नुसत्या बसा हो. पोरींना सांगा फक्त."

"त्यांचा डोळा ओला आहे अजून," मी म्हटलं.

"बाई, तुम्हाला इंग्रजी कळतं, आमचे सण नाही कळायचे," चेअरमनबाई हसल्या.

आक्का उठल्याच. "पहिली आखाजी शे पोरनी. खापरले नही म्हनता येत नही."

सुरुवातीला नुसत्या बसल्या, तेही खरं. दोन मांडे पोरींच्या हातात फाटले, तशी त्यांनी परात ओढली. काळ्या चष्म्यातून पोळी किती पातळ झाली ते दिसेना, म्हणून चष्मा काढून ठेवला. ओल्या लाकडांचा धूर. डोळ्याला धार लागली, आणि त्यांनी पिठाच्या हाताने पदर धरून तो पुसला. एकदा नव्हे, प्रत्येक मांड्याला. जावईबापूंनी पोटभर खाल्लं.

दोन दिवसांत डोळा टोमॅटोसारखा लाल झाला, मग पू. डॉक्टर चिडले. डोळ्यात इंजेक्शनं, दर तासाला थेंब. सून कामावर, माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून थेंब मी घालायची. चेअरमनबाई भेटायला आल्या, मोसंबी घेऊन. बाहेर पडताना मला हळूच म्हणाल्या, "स्वतःची काळजी घ्यायला नको का हो माणसाने?"

लाली जायला अख्खा पावसाळा लागला. दुखणं थांबलं. नजर मात्र काही केल्या परत येईना.

एक दिवस मुलगा म्हणाला, "बाई, घरात दिवसभर कोणी नसतं. मायला दिसत नसेल तर गावी चुलत्यांकडे ठेवावं लागेल." तो वाईट नव्हता. पण त्या चुलत्यांनी आक्कांना त्यांच्याच घरातून बाहेर काढलं होतं. ते मलाही माहीत होतं.

रोज थेंब घातल्यावर मी बोटं दाखवायची. आक्का म्हणायच्या, "दोन." बहुतेकदा बरोबर यायचं, कारण सवयीने मी दोनच दाखवायची. हे त्यांनी ओळखलं होतं, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या रविवारी मुलगा उंबऱ्यात उभा होता. खरंच दिसतं का ते पाहायला मी मूठ मिटून धरली.

"किती, आक्का?"

"दोन."

"बरोबर का, बाई?" मुलाने विचारलं. माझी पाठ त्याच्याकडे होती.

"बरोबर," मी म्हटलं, आणि मुठीतून दोन बोटं वर केली.

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात चाचपला, ती दोन बोटं धरली आणि बराच वेळ सोडली नाहीत.

आम्ही दिवाळीपर्यंत निभावलं. मग एका सकाळी त्यांनी उकळता चहा कपाऐवजी नातवाच्या पायावर ओतला, आणि सगळं उघड झालं. मुलगा त्यांना शिरपूरला सोडून आला. निघताना मी म्हटलं, "आक्का, होऊन जाईल." त्यांनी हात फिरवला नाही. "नही व्हवाव, बाई," नाही होणार, एवढंच म्हणाल्या, आणि खापर माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या. पुढच्या आखाजीच्या आत त्या वारल्याचं कळलं.

त्या आखाजीला चेअरमनबाई खापर मागायला आल्या. मी दिलं नाही. त्या गल्लीभर बोलल्या, बोलू देत.

ते खापर माझ्याकडे आहे. काठाला एक टवका उडाला आहे, बाकी शाबूत.