सोननाकांची जबानी

मँचेस्टरच्या भीमाबाई वयाच्या शहात्तराव्या वर्षी पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या, त्याला कारण एक बुडालेले जहाज होते.

त्यांचे आजोबा सोननाक मंडणगडकडचे. पहिल्या महायुद्धात ते एका इस्पितळ-जहाजावर वॉर्डातले सेवक म्हणून गेले. जखमींना उचलणे, त्यांचे अंग पुसणे हे त्यांचे काम. जहाजावर रेड क्रॉसची खूण ठळक रंगवलेली होती. तरी जर्मन पाणबुडीने ते बुडवले आणि जीव वाचवायला उतरलेल्यांच्या होड्यांवरही गोळ्या झाडल्या. सोननाक वाचले. गावी परतले तेव्हा भावकीने एकच बोल लावला : चालता न येणारे बुडाले, मग हा धडधाकट कसा परत आला? सोननाकांनी कधी उत्तर दिले नाही. तो बोल मुलाला चिकटला, नातीलाही चिकटला. भावकीतला लांबचा चुलत भाऊ जगदीश फोनवर भांडण निघाले की अजूनही म्हणे, "अक्का, तुझा आजा रोगी टाकून पळाला. तू मला काय शिकवतेस?"

भीमाबाईंची नात स्नेहल नर्स आहे. तिने शोध घेतला, तेव्हा कळले की युद्धानंतर त्या पाणबुडीच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला होता आणि वाचलेल्यांच्या जबान्या लंडनच्या सरकारी दफ्तरखान्यात जपलेल्या आहेत. यादीत सोननाकांचे नाव होते.

"आजी, मी कॉपी ऑर्डर करते. तुला वाचून दाखवते."

"नको गं. माझ्या आज्याने अंगठाच उठवला असणार. निदान त्याच्या नातीने तरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे."

लायब्ररीतल्या प्रौढांच्या इंग्रजी वाचनाच्या वर्गात त्या दोन हिवाळे गेल्या. शिकवणाऱ्या बाई एकाच शब्दावर पाच-पाच वेळा थांबत, पण कधी कपाळाला आठी पडली नाही.

अखेर तो दिवस आला. दफ्तरखान्यातल्या वाचनकक्षाच्या दाराशी स्नेहलबरोबर आलेल्या भीमाबाईंनी सवयीने बूट काढले, विहारात काढतात तसे, आणि मोजे घालून आत गेल्या. थोड्या वेळाने एक कर्मचारी बूट हातात धरून आला.

"मॅडम, हे आपले का?"

भीमाबाईंनी जपून जुळवलेल्या इंग्रजीत उत्तर दिले, "होय. माझे आजोबा आत आहेत."

मग त्याने परत जाऊन बूट दाराशेजारी, टाचा भिंतीला लावून नीट ठेवले.

जबानी खटल्यासाठी टाइप केलेली होती. म्हणून भीमाबाईंना अक्षरे ओळखू आली. खाली काळा अंगठा होता. जन्मभर ऐकलेला बोल खरा निघाला तर? बोट अधांतरी धरून त्या शब्दाशब्दाने पुढे सरकल्या. पाय नसलेल्या एका शिपायाला सोननाकांनी पाठीवर घेतले होते. होडी उलटली. त्यापुढची ओळ अगदी सोपी होती. वर्गात पहिल्या महिन्यात शिकलेलेच शब्द होते.

मी त्याला सोडले नाही.

पुढे लिहिले होते : सकाळी तो मेलेला होता. माझी बोटे दुसऱ्यांनी सोडवली.

स्नेहलने निकालाचे पान उलटले. कप्तान सापडलाच नव्हता. दोन दुय्यम अधिकाऱ्यांना थोडीशी शिक्षा झाली होती.

"बस? एवढ्या माणसांचे एवढेच?"

"न्याय अपुराच झाला, पोरी. पण त्या कोर्टासाठी कुणा कारकुनाने एका अंगठेबहाद्दराचे बोलणे न गाळता उतरवून घेतले. त्या कारकुनाचे नावही इथे नाही. त्याचे उपकार कसे फेडू?"

त्यांनी पेन्सिलीने ती जबानी वहीत उतरवली. बाहेर बाकावर बसून, बुटांच्या नाड्या बांधण्याआधीच, जगदीशला फोन लावला आणि जबानी आधी इंग्रजीत वाचली, मग मराठीत सांगितली.

"अक्का," जगदीश म्हणाला, "तू स्वतः वाचलंस?"

"स्वतः."

"मग थांब जरा. पोरांना हाक मारतो. सगळ्यांसमोर पुन्हा वाच."

भीमाबाईंनी चष्मा पुसला आणि वही पुन्हा उघडली.