नोनौटीच्या धावपट्टीवरचा बाउरो

नोनौटी बेटावर देशाचं विमान उतरायचं ते बुधवारी, आणि तेही बाउरोने लाल निशाण खाली घेतलं तरच. धावपट्टी म्हणजे नारळीच्या रांगांमधला पांढऱ्या खडीचा पट्टा. गावच्या डुकरांना तिथे ऊन खात लोळायला फार आवडायचं. देश नवा, विमान कंपनीही नवी. तिने बाउरोला एक शिट्टी, एक निशाण आणि 'स्थानकप्रमुख' हा हुद्दा दिला. हाताखाली मात्र कुणीच नव्हतं. डुकरं हाकायची, माणसं काट्यावर तोलायची आणि विमान आलं नाही की शिव्या खायच्या, एवढा कारभार त्याने तीस वर्षं एकट्याने सांभाळला.

दरम्यान राजधानीत, म्हणजे तारावा बेटावर, साहेब बदलले, विमानाच्या शेपटीवर रंगवलेला पक्षी बदलला. एकदा तर विमानच दुरुस्तीला परदेशी गेलं ते वर्षभर फिरकलं नाही. बाउरोचे बुधवार चुकले नाहीत.

"अहो, विमानच नाही, मग हाकता कुणासाठी?" बायको मीरे विचारायची.

"डुकरांना वाईट सवय लागायला नको."

स्वतः तो कधी विमानात बसला नव्हता. नोकरीच्या तिसाव्या वर्षी कंपनीचं बोलावणं आलं: राजधानीत समारंभाला या, पदक घ्या, तिकीट आमचं. मीरेने नवा शर्ट शिवला. गावाने सभागृहात दोन दिवस मेजवानी घातली. नको नको म्हणत बाउरोने समोर आलेलं सगळं संपवलं.

बुधवारी त्याने शिट्टी मीरेच्या हाती दिली आणि रांगेत उभा राहिला. वजनं झाली. बोचकी उतरवून ठेवली, तरी वैमानिकाची मान हलेना.

"काका, अजून ऐंशी किलो जास्त होतंय. कुणाला ठेवू, ते तुम्हीच सांगा."

बाउरोची नजर टाबेरा म्हातारीवर गेली. ती तारावाला लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती.

"माझ्याकडे काय बघतोस रे?" ती कडाडली. "गेल्या साली मलाच उतरवलंस. वर म्हणालास, काटा खोटं बोलत नाही!"

बाउरो पुन्हा काट्यावर चढला.

"चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. "मीच राहतो."

दोन दिवसांनी रेडिओवर समारंभ लागला. मंत्रिमहोदय गहिवरून म्हणाले, "नोनौटीचे बाउरो आज आपल्यात उपस्थित आहेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बराच वेळ वाजवल्या की," मीरे म्हणाली.

"शर्ट चांगला दिसत असणार," बाउरो म्हणाला, आणि रेडिओ आणखी जवळ ओढला.

पदक सात आठवड्यांनी बोटीने आलं. टाबेरा त्याच्या आधीच परतली होती, नात झाल्याचा आनंद आणि घट्ट दुधाच्या डब्यांचं खोकं घेऊन. एक डबा तिने बाउरोच्या दारात ठेवला आणि निघून गेली.

त्याने तो लगेच फोडला आणि चहात सढळ हाताने ओतला.

"तारावाचं दूध," घोट घेत तो मीरेला म्हणाला, "जरा जास्तच गोड असतं."