एका दमात

हेंद्रेपाड्याच्या मैदानावर मी सकाळी चालायला जातो, तेव्हा तो वस्तीतल्या मुलींना कबड्डी शिकवत असतो. पन्नाशीचा असेल; नाव मी कधी विचारलं नाही. सरावाआधी तो कप्तान मुलीसमोर वाकून एका दमात "कबड्डी, कबड्डी" म्हणतो. ती त्याच्या तोंडाचा वास घेते. मगच खेळ सुरू होतो.

"दारूपायी नोकरी गेली, बायको गेली," तो एकदा मला म्हणाला. "ही अट मीच घातलीय. वास आला की मी आऊट. कायमचा."

परवा तो उशिरा आला. डोळे लालभडक. मी चालता चालता थांबलो. मुली कप्तानभोवती गोळा झाल्या. कप्तानने दोनदा वास घेतला.

"आल्याचा चहा!" ती ओरडली. "काय सर, आम्हाला सोडून एकटेच प्यायलात?"