साडूंचं काचेचं चर्च

आमच्या साडूंचं जगातल्या कुठल्याही खुर्चीशी कधी पटलेलं नाही. लग्नाच्या पंगतीतून उठून ते मांडवाचे खांब हलवून बघायला जातात आणि इकडे पानातला भात गार होतो. आमच्याकडे पुनावळ्याला आले की सोफ्याला वळसा घालून थेट बाल्कनीत. चहा बाल्कनीत, पोहे स्वयंपाकघराच्या दारात आणि उरलेल्या गप्पा लिफ्टपाशी. “भावोजी, यांना एकदा पाच मिनिटं खाली बसवून दाखवा, पुरणपोळी करून घालते,” असं माझी मोठी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, दर सणाला म्हणते. ती पुरणपोळी मला अजून मिळालेली नाही.

साडू आर्किटेक्ट. उभी हयात चाकणला कारखान्यांच्या शेड काढण्यात गेली. “माझ्या छपराखाली माणसं शिफ्टला येतात आणि भोंगा झाला की पळतात राव! एक तरी इमारत अशी व्हावी, की माणूस आत येऊन उगाच बसून राहील.” हे मागणं कुणाचं, तर जो स्वतः जेवतानाही बसत नाही त्याचं! पण ते म्हणताना त्यांचा आवाज जरा बसायचा, हे खरं. आणि साठी उलटून गेल्यावर ते काम चालत आलं. ज्यांच्या शाळेचं गळकं छप्पर साडूंनी दुरुस्त केलं होतं त्या फादरनी रावेतला, पवनेच्या काठी, नवं कॅथेड्रल काढायला सांगितलं. बिशपचं मोठं चर्च, सगळं काचेचं, नदीपलीकडूनही दिसेल असं.

झालं, साडूंची उरलीसुरली बैठकही मोडली. उजेड अडतो म्हणून घरातले पडदे उतरले. शेजाऱ्यांना आमचं जेवणही दिसतं, अशी मेहुणीची तक्रार. खिशात काचेचे तुकडे आले, त्यामुळे त्यांना मिठी मारायची सोय राहिली नाही. आमच्या शोकेसचं दार ‘जरा ऊन बघतो’ म्हणून त्यांनी नेलं ते नेलंच. सांगवीला एका शोरूमची काच ते टिचक्या मारून तपासत होते, तेव्हा वॉचमननं हटकलं. साडूंनी त्यालाच मोजायच्या टेपचं दुसरं टोक धरायला लावलं.

चर्चचं मॉडेल फादरना दाखवायच्या दिवशी ते मीच उचलून नेलं. देखणं होतं हो! छपराला करवतीसारखे दाते आणि प्रत्येक दात्यात काच. मुख्य दरवाजातून फोर्कलिफ्ट सहज आत गेली असती, पण ते कुणी बोललं नाही. फादरनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि सूर्यासारखा पूर्वेकडून पश्चिमेकडे हळूहळू फिरवला. वेदीवर एक किरण पडेना.

“साहेब, ऊन कुठून येणार?”

“येणारच नाही!” साडू छाती काढून म्हणाले. “सगळ्या काचा उत्तरेला. दिवसभर थंड, सारखा उजेड. मशीनवर ऊन आलं की डोळे दिपतात, मापं चुकतात.”

“आमच्याकडे मशीन नाही हो,” फादर इतक्या हळू म्हणाले की मलाच वाईट वाटलं.  परतताना रिक्षात साडू एवढंच म्हणाले, “हाताला शेडच येते, साडूभाऊ. दुसरं काही येतच नाही.”

पण फादरनी काम काढून घेतलं नाही. साडू रोज पहाटे नदीकाठी येरझारा घालू लागले. शेवटी छप्पर तेच ठेवून त्यांनी पूर्वेच्या भिंतीत, वेदीच्या मागे, जमिनीपासून छपरापर्यंत काचेची एकच उभी फट काढली. ते मंजूर झालं.

काम रेंगाळतंय. नुसता सांगाडा उभा आहे. काच कधी येईल आणि तोवर साडूंच्या गुडघ्यांचं काय होईल, देव जाणे. परवा सकाळी ते मला तिकडे घेऊन गेले. पूर्वेच्या त्या रिकाम्या फटीतून ऊन आत आलं, वेदीच्या जागेवरच्या खडीवर लांबच लांब पडलं. साडू विटांच्या ढिगावर टेकले.

मी वाट पाहिली. ऊन सरकत त्यांच्या पायांपर्यंत आलं.

“साडूभाऊ, निघायचं?”

“थांबा हो जरा.”

मेहुणीला फोन करून पुरण शिजत घालायला सांगावं, असं मनात आलं. पण माझ्या आवाजानं ते उठले असते. फोन खिशातच ठेवला आणि मीही शेजारच्या विटांवर बसलो.