शिशाच्या शिपायांना नवा रंग

आमच्या घरी येणाऱ्यांना वाटायचं, दोघा भावांना एकच वेड आहे. खेळण्यातले शिपाई. मलाही लग्नानंतर बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण ती दोन वेगळी वेडं होती.

आमचे हे शिपाई बनवायचे. एकलहऱ्याला वीजनिर्मिती केंद्रात नोकरी होती, तिथून दमून आले तरी जेवण झालं की खिडकीशी बसायचे. प्लॅस्टिकचे हात, पाय, डोकी सुटी मिळतात. ती ब्लेडने कापायची, घासायची, चिकटवायची. मग बाटलीच्या बुचावर शिपाई उभा करून बारीक ब्रशने रंग द्यायचा. मिशी रंगवताना श्वास रोखून धरायचे. घरभर थिनरचा वास. मी ओरडायचे तेव्हा पंखा लावायचे, पण थांबायचे नाहीत. शिपाई पुरा झाला की मात्र त्यात त्यांचा जीव राहत नसे. कोणी मागितला तर देऊन टाकायचे.

मोठे दीर पंचवटीत राहतात. त्यांनी आयुष्यात एकही शिपाई बनवला नाही. ते जमवायचे. जुन्या बाजारात जायचे, बंद होणाऱ्या दुकानांत जायचे, कोणाच्या माळ्यावर काय आहे याची चौकशी करायचे. मिळालेला शिपाई काचेच्या कपाटात जायचा आणि पुन्हा बाहेर यायचा नाही. फडकंसुद्धा लावू द्यायचे नाहीत, नुसती फुंकर. हात तुटलेला शिपाई तसाच तुटक्या हाताने उभा.

हे म्हणायचे, "दादा, दे इकडे. हात बसवून देतो."

"नको. तो असाच आलाय."

"भंगार जमवतोस झालं."

"आणि तुझे कालचे आहेत. अजून ओले असतील."

असं रोज संध्याकाळी फोनवर चालायचं. जाऊबाई गेल्यावर दीर एकटेच राहिले. त्यांची मुलगी लांब असते. दोन्ही भावांना बाकी बोलायला विषय नव्हता. राजकारण नको, देव नको, तब्येत नको. शिपाई होते म्हणून बोलणं होतं. हे मला तेव्हाच कळत होतं.

मागच्या पावसाळ्यात दीर बाथरूममध्ये पडले. कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, नंतर काही आठवडे मुलीकडे राहिले. जाताना ह्यांना म्हणाले, "घर बंद राहील, ओल येईल. माझे बँडवाले तुझ्याकडे ठेव."

बँडवाले म्हणजे शिशाचे शिपाई, ढोल आणि पिपाण्या घेतलेले. सासऱ्यांनी दीरांना लहानपणी आणले होते, तेव्हा ह्यांचा जन्मही झाला नव्हता. खेळून खेळून त्यांच्या खांद्यांवरचा लाल रंग उडून गेला होता. एकाला तोंडच उरलं नव्हतं. हे डबा घेऊन आले आणि टेबलावर ठेवला.

मग खंडेनवमी आली. ज्यांनी कारखान्यात काम केलंय त्यांना सांगायला नको. खंडेनवमीच्या आधी मशिनं धुतात, कठड्यांना ऑइलपेंट देतात, पाने-पकडी घासून चकचकीत करतात, मग झेंडूच्या माळा घालतात. ह्यांनी नोकरीभर तेच केलं. रिटायर झाल्यावर घरात करू लागले. स्कूटर, माझं शिवणाचं मशीन, विळी, सगळं साफ होऊन पूजेला बसतं. कळकट वस्तू पूजेला ठेवली तर त्यांना जेवण जात नाही.

त्या वर्षी त्यांनी बँडवालेही घेतले. जुना रंग आधी थिनरने काढला. नवा रंग धरावा म्हणून तसंच करायचं असतं. मी वाटाणे सोलत होते.

"दादांना विचारलं का?"

"विचारायचं काय त्यात? खूश होईल."

लाल डगले, काळ्या टोप्या, सोनेरी बटणं. तोंड नव्हतं त्याला तोंड आलं. काम चांगलं होतं, ते कबूल करायला हवं. पूजेत ओळीने मांडले, समोर पेढा ठेवला.

दीर तोवर मुलीकडून परतले होते. दसऱ्याला रिक्षाने आले, हातात वॉकर, खिशात आपट्याची पानं. सोनं दिलं, बसले. पूजा अजून उचलली नव्हती. शिपायांकडे बघून म्हणाले, "हे कधी केलेस? चांगले झालेत."

हे हसत उभे राहिले.

"माझे कुठे ठेवलेस?"

"हेच ते, दादा."

दीरांनी एक उचलला. उलटा केला, खांदा बघितला, तळ बघितला आणि जागेवर ठेवला. आवाज चढवला नाही. मी पानं वाढली. श्रीखंड-पुरी जेवले, पुरी आणखी एक मागून घेतली. हात धुतले आणि रिक्षा बोलवायला सांगितली. डबा नेला नाही.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ह्यांनी केला तर तिकडून उचलला जायचा, "झोपतोय" एवढं ऐकू यायचं. मग ह्यांनी काय करावं, तर पॉलिशपेपर घेतला आणि शिपायांच्या खांद्यावरचा रंग घासायला लागले, जुने दिसावेत म्हणून. दोन दिवस तेच. दिवाळीच्या आधी डबा घेऊन आम्ही दोघं पंचवटीला गेलो.

दीरांनी भिंग लावून एकेक बघितला.

"घासलेस होय?"

"होतं तसं करून आणलंय."

"तसं नाहीये."

"मग काय करू, दादा? सांग ना तू."

"काही करू नकोस. घेऊन जा. तू केलेस, तुझे आहेत."

"मी कुठे केले? बाबांनी तुला आणलेले आहेत."

"बाबांनी आणलेले गेले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, चहा टाकतेस का? साखर वरच्या फळीवर आहे."

मी चहा केला. तिघांनी प्यायला. नळाला पाणी किती वेळ येतं ते दीरांनी सांगितलं. येताना डबा आमच्या पिशवीत होता.

तो आता आमच्या फ्रिजवर आहे. बँडवाल्यांना हे आपल्या शिपायांत ठेवत नाहीत, कारण ते त्यांनी बनवलेले नाहीत. दीर नेत नाहीत, कारण ते त्यांनी जमवलेले नाहीत. मी पुसायला जाते तेव्हा डबा उचलते आणि परत ठेवते. मला काही वाटत नाही. वाटायला हवं होतं, असं पुतणी म्हणते. असेल.

थंडीत दीरांचा फोन पुन्हा सुरू झाला. रोज येतो. पाणी आलं का, गोळी घेतली का. हे त्यांची कंबर विचारतात. शिपायांचं नाव कोणी काढत नाही. मग हे म्हणतात, "बरं, ठेवतो," आणि टीव्ही लावतात. खिडकीशी बसत नाहीत. घराला थिनरचा वास येत नाही.

नातेवाईक विचारतात, दोघं बोलतात ना आता? मी सांगते, बोलतात.